पोस्ट अजून पडलेलं नाही

डायलिसिस बंद करायचं हे आबांनी गाडीत ठरवलं, बारामतीहून परत येताना, लासुर्ण्याच्या अलीकडे. त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या हातातला दुसरा फिस्टुलाही बंद पडल्याचं सांगितलं होतं. फिस्टुला म्हणजे हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट. मशीनच्या सुया तिच्यात टोचतात. वाट चालू असेल तर वरून बोट ठेवल्यावर आत बारीक थरथर लागते. आबा रोज उठल्यावर आधी तिथे बोट ठेवायचे आणि आईला सांगायचे, "पानी चालू हाय." त्या दिवशी बोटाला काही लागलं नाही. दुपारी त्यांच्या मानेत नळी बसवली आणि तिच्यातून मशीन चालवलं.

"आता बास," ते म्हणाले. "येता आठवडा करतो. फुडं न्हाय."

"बास म्हणजे?"

"बास म्हंजे बास. पेपरवाला ना तू? बास कळत न्हाय व्हय?"

त्याचा अर्थ डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवला होता. मशीन थांबलं की एक आठवडा, फार तर दोन.

आबा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. कालव्याच्या फाट्यांची गेटं उघडायची, टाकायची आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. आमचं गाव निमगाव केतकीच्या पुढे, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. त्याला तिकडे टेल म्हणतात, सुरुवातीच्या तोंडाला हेड. टेलला पाणी सगळ्यांत शेवटी येतं, येईल तेवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी मोजून दिलेल्या माणसाला आता आई वाटीने पाणी मोजून द्यायची, कारण मूत्रपिंडं थांबल्यावर प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार नळीबद्दल होती. नळीमुळे मान वळवता येत नव्हती, कुशीवर झोपता येत नव्हतं.

मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. आबांचं मशीन सुरू झालं तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि गावी आलो. बायको पुण्यातच राहिली, तिची नोकरी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार आबांना बारामतीला न्यायचं, मशीन चालू असेपर्यंत थांबायचं, परत आणायचं. गाळपाच्या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकून उशीर व्हायचा. म्हणून आई पहाटे चारला उठून बिनमिठाची भाकरी-भाजी करून द्यायची.

आबांनी कबूल केलेला आठवडा सोमवारी सुरू झाला. केंद्रात ते भिंतीकडे तोंड करता येत नाही म्हणून डोळे मिटून पडले. शेजारच्या खाटेवर नेहमीचे चाचा होते. ते मूळचे कऱ्हाटीचे, बारामतीत त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. बोलल्याशिवाय त्यांचा वेळ जात नसे.

"पेपरवाले," ते मला म्हणाले, "कायतरी सांगा की. टीव्ही बंद हाय, आन आज आबा बी बंद हाय."

मला जे पहिलं आठवलं ते मी सांगायला घेतलं. पुण्यात असताना रविवार पुरवणीसाठी शहरांत झालेल्या लढायांवर एक मालिका लिहिली होती. त्यातला डब्लिनवरचा मजकूर जुळवून तयार होता. त्या आठवड्यात जाहिराती वाढल्या, पानं कमी झाली, आणि तो छापायचा राहिला. तपशील माझ्या डोक्यात पक्के होते.

"डब्लिन म्हंजे कुठं आलं?" चाचांनी विचारलं.

"आयर्लंडची राजधानी. इंग्लंडच्या शेजारचं बेट. तेव्हा तिथेही इंग्रजांचं राज्य होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं, इंग्रज फ्रान्सात अडकले होते. तेवढ्यात स्वातंत्र्यवाल्यांनी उठाव केला. ईस्टरचा सण होता, सोमवारची सुट्टी. भर दुपारी मोर्चासारखे चालत गेले आणि शहरातल्या मोक्याच्या इमारती धरल्या. मुख्य ठाणं केलं ते पोस्टात."

"पोस्टात?" चाचा इतके हसले की सिस्टरने लांबून हात हलवू नका म्हणून दटावलं. "आमच्या पोस्टात या म्हनावं. पासबुक भरायला गेलं तर लिंक न्हाय. तितं राज्य घेत व्हते व्हय?"

"तारा पोस्टात आसत्यात, चाचा," आबा डोळे न उघडता म्हणाले. "तार तोडली का वर कुनाला काय कळत न्हाय. आमच्या कालव्याला बी आदी सरकारी फोनची तार व्हती. पान्यावरनं भांडन लागलं का लोकं पयली तीच तोडायची."

चाचांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी पुढे सांगत राहिलो. ठरली होती त्यापेक्षा फार कमी माणसं आली, हे सांगितल्यावर आबांनी डोळे उघडले.

"का?"

"उठाव खरा रविवारी व्हायचा होता. पण त्यांच्याच एका वरच्या पुढाऱ्याला तो पटला नाही. त्याने रविवारच्या पेपरात जाहीर करून टाकलं, आजचा कार्यक्रम रद्द. मग बाकीच्यांनी सोमवारी केला. गावोगावच्या माणसांना कळलंच नाही. जे आले ते आले."

"मग गेलं आवर्तन," आबा म्हणाले. कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात. "एकदा नोटीस लागली, पानी रद्द, की मागनं सोडलं तरी शेतात कोन आसतंय? मानूस लग्नाला गेलेला आसतो. पानी वड्याला."

"पेपरवाल्यांनी घात केला म्हना," चाचा म्हणाले.

"छापणाऱ्यांनी नाही, देणाऱ्यांनी," मी म्हणालो.

"छापताना इचारायचं ना मग, बाबा रे, रद्द का?"

मशीन संपलं, नळी बंद करून पट्टी लावली. घरी जाताना निमगावला आबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "पोस्ट पडलं का फुडं?"

"लगेच नाही. बरेच दिवस धरून ठेवलं होतं."

बुधवारी सकाळी मी गाडी बाहेर काढली तेव्हा ते खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर बसलेले होते. त्याआधीचे कित्येक दिवस त्यांना हाताला धरून उठवावं लागत होतं.

नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांचा मजकूर कापत आलो होतो. आता मजकूर पुरवायचा होता. एका बैठकीला किती सांगायचं याचा हिशोब मी केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून मनातल्या मनात करायचो. लढाई सोमवार ते शनिवार चालली होती. ती जितकी लांबेल तितकी लांबवायची होती. मोबाइलवर सापडेल ते वाचत होतो, कुठली गल्ली, कुठलं दुकान, कोण कुठल्या खिडकीत. न घडलेलं काही घातलं नाही. घालता आलं असतं, पण मग पोस्ट कधीच पडलं नसतं, आणि त्यातली लबाडी आबांच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नसती. फाट्याला किती पाणी लागलंय हे ते लांबून नुसत्या आवाजावरून सांगायचे. एकीकडे मी डॉक्टरांना रोज विचारत होतो. तिसरा फिस्टुला करता येईल का, पुण्याला नेलं तर होईल का, पोटातून डायलिसिस होतं म्हणतात ते चालेल का. प्रत्येक वेळी ते शांतपणे तेच कारण सांगत, शिरा उरलेल्या नाहीत, पोटाची जुनी शस्त्रक्रिया आहे, हृदय थकलेलं आहे. मी पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचो.

पहिल्या आठवड्यात लढाईचे सोमवार आणि मंगळवारच पुरे झाले. रस्त्यावरच्या गरीब वस्तीतली माणसं दुकानं फोडून बूट, टोप्या, मिठाई घेऊन पळाली, हे सांगितल्यावर चाचांना फार आनंद झाला. सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर एकदा बिस्किटांचा ट्रक उलटला होता तेव्हा काय झालं, ते त्यांनी लांबण लावून सांगितलं. त्यात त्यांचे स्वतःचे मेहुणे होते. मी ती बैठक त्यांना देऊन टाकली. तेवढंच माझं वाचलं.

शुक्रवारी बागेची लढाई सांगितली. उठाववाल्यांची एक तुकडी शहरातल्या मोठ्या बागेत शिरली आणि तिथे खंदक खणून बसली. फौजेने बागेशेजारचं उंच हॉटेल धरलं आणि वरून गोळ्या चालवल्या.

"हेड सोडून टेलला बसले," आबा म्हणाले. "वरचं ज्याच्या हातात, खालचं त्याचंच."

"टेलवाल्याला सगळीकडं टेलच दिसतंय," चाचा म्हणाले. "आमच्या कऱ्हाटीला या. आमाला हेड बी न्हाय न् टेल बी न्हाय. तुमचं पानी चढच चढलं न्हाय आमच्याकडं."

बागेतल्या तळ्यात बदकं होती. बागेचा रखवालदार त्यांना खायला घालायला यायचा, आणि तो आला की दोन्ही बाजू गोळीबार थांबवत. तो परत गेला की पुन्हा सुरू. हे ऐकल्यावर आबांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात फाट्याच्या गेटवर दोन गावं समोरासमोर आली होती. दगडफेक चालू होती. गेट उघडं राहिलं असतं तर खालची चारी, म्हणजे शेतांकडे जाणारा छोटा पाट, फुटून वस्तीत पाणी शिरलं असतं.

"मी चावी घिऊन निगालो," आबा म्हणाले. "मला बगितलं न् दोगांनी बी दगडं खाली धरली. गेट टाकलं. मागं फिरलो, बांधाच्या पल्याड गेलो, पुना चालू."

"म्हंजे बदकं कोन त्यात, आबा?" चाचांनी विचारलं.

"बदकं घरी व्हती. पोरंबाळं."

कबूल केलेला आठवडा त्या दिवशी संपला. पुढच्या सोमवारी मी काही न बोलता गाडी काढली. आबा आईच्या आधाराने बाहेर आले. "आज त्यो कालव्याचा पूल हाय म्हनला व्हतास," ते म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं आणि घरात गेली. कुठला पूल हे तिला माहीत नव्हतं, पण तिने काही विचारलं नाही.

पुलाची लढाई बुधवारची. इंग्लंडहून ताजी फौज जहाजाने आली आणि बंदराकडून शहराकडे चालत निघाली. वाटेत कालवा होता, त्यावर पूल. पुलाच्या आसपासच्या घरांत उठाववाले बसले होते, एका बोटीत मावतील एवढे. फौज पुलाजवळ आली की खिडक्यांतून गोळ्या यायच्या. सैनिक पडायचे. अधिकारी शिट्टी वाजवायचा, पुढची रांग उठून धावायची, पडायची. पुन्हा शिट्टी. दुपारपासून संध्याकाळपर्यंत असं चाललं. मध्येच जवळच्या रुग्णालयातले डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे हलवत आले, तेवढ्यापुरता गोळीबार थांबला, जखमींना उचललं.

आबांनी मोकळ्या हाताचं बोट चादरीवर फिरवलं. कालवा, पूल, घरं. "कालव्याला एकच पूल कसा आसंल?" ते म्हणाले. "थोड्या थोड्या अंतरावर पूल लागतोच, बैलगाड्या कुठनं जातील?"

"होते की. जवळच होते. तिथं कुणी बसलेलंही नव्हतं."

"मग तिकडनं का न्हाय गेले?"

"वरून हुकूम होता. याच रस्त्यानं जायचं."

"खालच्यानं सांगितलं न्हाय का वर?"

"सांगितलं असेल. परत तोच हुकूम आला."

"जित्या मानसाला त्याच त्याच वाटंनं घालायचं," आबा म्हणाले. "आन शिट्टी वाजवायची." ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात त्यांच्या मशीनचा अलार्म वाजायला लागला. रक्तदाब घसरला होता. सिस्टर धावत आली, तिने पाय वर केले, सलाइन सोडलं. पिंढरीत पेटका आला होता. मी पाय दाबत राहिलो. चाचा पलीकडून कसली तरी दुआ पुटपुटत होते.

त्यानंतर बिघडत गेलं. नळीतून जंतू रक्तात गेले. मशीन चालू झालं की थोड्याच वेळात आबांना हुडहुडी भरायची, दात वाजायचे, खाट हलायची. इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरायचा, पुढच्या खेपेला परत यायचा. डॉक्टरांनी नळी काढून दुसऱ्या बाजूला बसवली. त्या बाजूलाही तेच. घरी जेवण जवळजवळ थांबलं. आई बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून त्यांच्या ओठांवर धरायची. पण सोमवार, बुधवार, शुक्रवारी ते गाडीत बसत होते. आता उचलून बसवावं लागत होतं, तरी नाही म्हणत नव्हते. बसल्यावर दम खाऊन विचारायचे, "आजून हायेत का आत?"

"आहेत. पोस्ट अजून पडलेलं नाही."

"गावाकडची मानसं आली का न्हाय?"

"अजून नाही."

मी गुरुवार खूप लांबवला. तोफा कुठे लावल्या होत्या, नदीतून बोट कशी आली, शहरात पाव कसा मिळेनासा झाला. मग शुक्रवारही लांबवला. पोस्टाच्या छताला आग लागली. पाण्याचे पाइप लावले, पुरले नाहीत. आबांना पाइपांबद्दल सगळं विचारायचं होतं. पाणी कुठून घेत होते, दाब किती होता. मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, बघून सांगतो, आणि बाहेर येऊन त्या एका गोष्टीसाठी मोबाइलवर तासभर शोधत राहिलो. सापडलं नाही. टपरीवाल्याने चहा पुढे ठेवला होता, तो तसाच गार झाला. तिथे बसल्या बसल्या मला मोजता आलं की सांगायला आता एक शनिवार उरला आहे.

पुढच्या खेपेला, बुधवारी, आम्ही पोचलो तेव्हा चाचांचं मशीन आधीच चालू होतं. आबांना खाटेवर घेतलं, नळी जोडली. चाचा वाट बघत होते.

"पेपरवाले, फशिवताय काय आमाला?" ते म्हणाले. "सूनबाईनं मोबाइलवर वाचून दावलं. शनवारी हात वर केलं त्यांनी. पोस्ट कवाच पडलं. आन म्होरक्यांना भित्तीला लावून गोळ्या घातल्या इंग्रजांनी. एक तर जखमी व्हता, हुभं ऱ्हाता येत न्हवतं, त्याला खुर्चीला बांदून घातली. हे सांगत न्हाय, आन बदकं सांगत बसलाय!"

चाचांनी आबांच्या मानेतल्या नळीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातातल्या सुयांकडे. "मोबाइलवर काय बी लिवत्यात म्हना," ते हळू आवाजात म्हणाले.

"खरं हाय का?" आबांनी मला विचारलं.

"हो."

"मग सांग शनवार. आत्ता सांग. उद्यावर टाकू नगंस."

मी सांगितलं. पेटलेल्या पोस्टातून ते बाहेर पडले आणि मागच्या गल्लीत घुसले. रस्त्यावर यायची सोय नव्हती, म्हणून एका घराची भिंत फोडून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्यात, असे पुढे सरकत राहिले. ती गरिबांची वस्ती होती. घरांत माणसं होती, पोरं होती, म्हातारी होती. खिडकीतून म्होरक्यांना दिसलं की वस्तीतली काही माणसं पांढरं फडकं घेऊन बाहेर पडली, आणि तरीही गोळ्या लागून पडली. त्यानंतर त्यांनी थांबायचं ठरवलं. त्यांच्याबरोबर एक नर्स होती. तिला पांढरं निशाण देऊन पाठवलं. ती त्याच रस्त्याने एकटी चालत फौजेकडे गेली, निरोप दिला, परत आली. मग शरणागतीचा हुकूम घेऊन तिला शहरातल्या इतर ठाण्यांवर जावं लागलं. तिथली माणसं ऐकेनात. आम्ही हरलेलो नाही, आम्ही का बाहेर यायचं, असं काहींनी तिला विचारलं.

"हुकूम कुनी दिला?" आबा म्हणाले. "इंग्रजांनी?"

"नाही. त्यांच्याच म्होरक्यानं. सही करून."

"का?"

"रस्त्यातली माणसं मरत होती. त्यांचा लढाईशी काही संबंध नव्हता."

आबांनी मान हलवायचा प्रयत्न केला, नळीमुळे जमलं नाही. मी घाईने पुढचं सांगायला लागलो. गोळ्या घातल्यावर अख्खा देश खवळला, पुढच्या काही वर्षांत इंग्रजांना बहुतेक भाग सोडून जावं लागलं, आज त्या पोस्टाच्या खांबांवरच्या गोळ्यांच्या खुणा लोक जाऊन बघतात. माझा क्रम चुकत होता, शेवटचं आधी येत होतं. आबा ऐकत होते.

"त्ये त्यांनी बगितलं न्हाय," ते म्हणाले.

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

मशीनमधून रक्त फिरत होतं. ते बाहेर काढणारी नळी जरा गडद, आत नेणारी जरा फिकी.

"तुजी आय चार वाजता उठती," आबा म्हणाले. "तिला आता डोळ्यानं नीट दिसत न्हाय, तरी उठती. तुजी बायकू पुन्यात एकली. तू हितं टपरीवर चहा पीत बसतोस. समदी रस्त्यातली मानसं. माजी मुदत मी कवाच दिली व्हती. तू पोस्ट पाडंनास."

"आबा, डॉक्टर म्हणत होते, मांडीतून नळी घालून एकदा—"

"शिट्टी वाजवू नगंस."

सिस्टर मशीनचे आकडे लिहायला आली, माझ्याकडे बघून न लिहिताच पुढे गेली.

"मला हितनं उठता येत न्हाय," आबा म्हणाले. "तू जाऊन सांग डाक्टरला. आता जा. मी हाय तवर जा, म्हंजे त्यो मला इचारंल. मागनं तुलाच इचारत बसंल."

मी केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. डॉक्टरांनी येऊन आबांना एकट्याला काही प्रश्न विचारले. बाहेर आल्यावर म्हणाले, "ते पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांना कळतंय." मी मांडीतल्या नळीचं विचारलं. पुण्याचं विचारलं. पोटाचं पुन्हा विचारलं. त्यांनी मला केबिनमध्ये नेऊन खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. शेवटी म्हणाले, सोमवारपर्यंत त्यांची जागा ठेवतो, घरी बोला.

निघताना चाचांचं मशीन अजून चालू होतं. "पळपुटं," ते आबांना म्हणाले.

"पळतोय कुठं? घरी चाललोय."

"सोमवारी या. मी सांगतो लढाई. आमच्या कऱ्हाटीची."

"तुमच्याकडं पानीच न्हाय," आबा म्हणाले. "लढाई कशावरनं व्हनार?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी सुया नसलेला हात लांब केला. खाटांमध्ये अंतर होतं, तो पोचला नाही. मी आबांची चाकाची खुर्ची जवळ नेली.

शुक्रवारी गेलो नाही. घरी मी बोललो. आईशी, मोबाइलवर बायकोशी, आणि आबांशी रोज सकाळी. आबांशी बोलताना मी वेगवेगळ्या बाजूंनी यायचो, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. पायांवरची सूज गुडघ्यापर्यंत आली. रविवारी श्वास जड झाला, पाठीला दोन उशा लावल्या. आईने आता पाणी मोजायचं सोडलं होतं. मागतील तेव्हा द्यायची. तेही फार मागत नव्हते.

सोमवारी सकाळी मी गाडीची चावी खिशात घालून ओट्यावर उभा होतो. आबांची खाट आम्ही पुढच्या खोलीत आणली होती. मोबाइल वाजला. केंद्रातली सिस्टर होती.

"काका निघाले का?"

"नाही."

"निघणारेत का? नाहीतर जागा देऊ का दुसऱ्यांना? बाहेर एक बाई थांबल्यात, त्यांना इमर्जन्सी आहे."

"एक मिनिट थांबा," मी म्हणालो.

"काय म्हनती?" आबांनी आतून विचारलं. एक एक शब्द वेगळा येत होता.

मी मोबाइल हाताने झाकून त्यांना सांगितलं.

"मग दे की," ते म्हणाले. "तिला कशाला ताटकळत ठिवलंस?"

मी मोबाइल कानाला लावला आणि द्या म्हणालो.

"फक्त आजची का कायमची?" सिस्टरने विचारलं. तिला नोंद करायची होती.

आबा माझ्याकडे बघत होते. आई दारात उभी होती.

"कायमची," मी म्हणालो.